पाचवा अँप्लिफायर

घणसोली गाव
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

भावजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ताईनं हे पत्र न उघडताच बाजूला ठेवलं असेल, तर तिला सांगा की आई बरी आहे, वाईट बातमी काही नाही. माझे दोन्ही नंबर तुम्ही ब्लॉक केलेत, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतोय. दोन वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, तेव्हा कामाचंच लिहितो.

दुकान चालू आहे, त्याच गाळ्यात. जुन्या हाय-फायचं वेड वाढलंय. महापेच्या आयटी कंपन्यांतले लोक शनिवारी येतात, चंदेरी तोंडाचे जपानी अँप्लिफायर शोधत. सगळं एका डब्यात असलेलं त्यांना चालत नाही. अँप वेगळा, ट्यूनर वेगळा, टेप डेक वेगळा, एकावर एक रचायचे आणि आधी फोटो काढायचा, मग गाणं लावायचं. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग भरायचं काम मी आता ठाण्याला एकाकडे देतो. तुमच्यासारखं होत नाही. चालू केलं की गुणगुणतात.

विचारायचं होतं ते असं. २०२३ च्या गणपतीत अमेरिकेतून आलेले पाच अँप आपण विकायला काढले होते, सगळे एकाच मॉडेलचे. त्यांचे ट्रान्सफॉर्मर तुम्ही आपल्याकडच्या दोनशेतीस व्होल्टसाठी नव्यानं भरले होते. एक राजलक्ष्मी मॅडमकडे गेला, त्याचं आता लिहीत नाही. एक वाशीच्या पार्थकडे, एक दिघ्याच्या आकाशकडे, एक कोपरखैरण्याला पुतळामावशीच्या घरी. पाचवा दसऱ्याला गेला, तो तुम्ही स्वतः स्कूटरवरून पोचवला होता. गिऱ्हाईक नवीन होतं, नाव मी लिहून ठेवलं नाही. एवढंच आठवतं की म्हातारे गृहस्थ होते, स्वतःची रेकॉर्ड पिशवीतून घेऊन आले होते आणि एकच बाजू दोनदा वाजवायला लावली होती.

परवा पार्थ त्याचा अँप घेऊन आला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर येते, अशी तक्रार. झाकण उघडलं तर आत तुमची पेन्सिलीतली सही आणि सप्टेंबर २०२३, ती तर पाचही अँपमध्ये असणार. पण तिच्या खाली आणखी एक तारीख होती. ११ नोव्हेंबर २०२३. तोवर तुम्हाला दुकान सोडून बारा दिवस झाले होते. पार्थला विचारलं तर म्हणाला, दीपेशभाऊ घरी आले होते, झाकण उघडून बघितलं, पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही.

हे मला माहीत नव्हतं.

तर त्या पाचव्या माणसाचं नाव आणि पत्ता कळवाल का? सर्व्हिसिंगसाठी हवाय. जुन्या गिऱ्हाइकांना वर्षातून एकदा फुकट तपासणी करून द्यायची असं ठरवलंय. जमलं तर ह्याच आठवड्यात कळवा.

राजलक्ष्मी मॅडमच्या बाबतीत जो गैरसमज झाला, त्यावर कधीतरी समोरासमोर बसून बोलू.

निकेश


घणसोली गाव
शनिवार, ८ नोव्हेंबर

भावजी,

पोस्टात चौकशी केली. पत्र गुरुवारी पोयनाडला पोचलंय आणि सही ताईची आहे. म्हणजे तुम्ही वाचलं असणार आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं असणार.

सर्व्हिसिंगचं मी खोटं लिहिलं होतं.

पार्थचा अँप बघितल्यावर मी दुकान बंद करून दिघ्याला आकाशकडे गेलो. त्याच्या अँपमध्ये तुमची तारीख १० नोव्हेंबर. पुतळामावशीकडे १३ नोव्हेंबर. दिवाळीचे दिवस होते ते. ताईनं त्या वर्षी मला ओवाळलं नाही, आणि तुम्ही त्याच दिवसांत घरोघरी जाऊन आपण विकलेले अँप उघडून बघत होतात. पुतळामावशी म्हणाल्या, "तुझ्या भावजींनी काचेचा फ्यूज काढून मला दाखवला. हा बरोबर आहे म्हणाले, आणि परत बसवला." आकाशनं पण तेच सांगितलं. पार्थच्या अँपमधला काचेचा फ्यूज तर मी स्वतः पाहिला.

तुम्हाला ठाऊकच असलेलं मी आता लिहितोय. लिहिलं की मला तरी पळता येणार नाही.

नवीन ट्रान्सफॉर्मर भरल्यावर ते अँप चालू करताना एकदम जास्त करंट ओढायचे आणि साधा फ्यूज उडायचा. तुम्ही म्हणालात, थांब, लॅमिंग्टन रोडवरून सोमवारी हळू उडणारे फ्यूज आणतो, तोवर एकही द्यायचा नाही. आणि तुम्ही गणपतीच्या तयारीला पोयनाडला गेलात. शनिवारी गिऱ्हाइकं आली. मॅडमना त्याच दिवशी हवा होता. तीन अँपसाठी कुठून कुठून तसले फ्यूज जमवले, दोन अँपसाठी मिळाले नाहीत. त्या दोन अँपमध्ये मी फ्यूजच्या जागी तार घातली. वायरीतला एक जाडसा तांब्याचा धागा. दोन दिवसांसाठी. सोमवारी तुम्ही फ्यूज आणलेत तेव्हा दुकानात गर्दी होती. तुम्ही विचारलंत, सगळ्यांना बसवले ना, आणि मी हो म्हणालो.

फ्यूज म्हणजे काहीतरी बिघडलं तर आधी आपण जळून बाकीच्याला वाचवणारी वस्तू, हे मला दहावीत असताना तुम्हीच शिकवलंत. तारेला ते कळत नाही.

त्यातला एक मॅडमकडे पेटला. पडद्याला आग लागली, ती विझवताना त्यांचा उजवा हात भाजला. दुसरा कुणाकडे गेला हे मी लक्षात ठेवलं नव्हतं. मी स्वतःला सांगत आलो की तो पार्थकडे असेल. पार्थ वर्षातले आठ महिने परदेशात असतो, अँप बंदच असतो, काही होणार नाही. दोन वर्षं मी ह्याच भरवशावर झोपलो. आता पार्थ नाही, आकाश नाही, मावशी नाहीत. म्हणजे पाचवा. दुकानात महिनाभर तसाच पडून होता, आणि मी तो तुमच्याच हातानं पोचवला.

तुम्हाला तेव्हाच शंका आली असणार, म्हणून तर तुम्ही फिरलात. त्या पाचव्याकडेही गेलात का? गेला असाल आणि तिथे सगळं ठीक केलं असेल, तर फक्त "हो" एवढंच लिहून पाठवा.

गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मेसेज टाकला होता, की ज्यांच्याकडे हे मॉडेल आहे त्यांनी फुकट सर्व्हिसला आणावं. कारण लिहिलं नाही. कोणी आलं नाही.

मॅडमच्या घरी त्या दिवशी मी गप्प बसलो, ही माझी चूक झाली.

मी लिहीत होतो तेव्हा आई शेजारी येऊन बसली. कोणाला लिहितोयस म्हणून विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, "दिशाला लिव, तुजी आय वाट बगते. बाकी जा तू केलास, ता तूच लिव."

निकेश


घणसोली गाव
बुधवार, १२ नोव्हेंबर

भावजी,

सोमवारी दुपारी ताईचा फोन आला. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "सिताराम तांबे नाव आहे. हे दोनदा जाऊन आलेले, दोन्ही वेळा कुलूप होतं. शेजारचे बोलले, घर सोडून शिरवण्याला गेले. पुढचं तू बघ." आईला फोन देऊ का, असं विचारायच्या आत तिनं ठेवला. तरीही तिला सांगा, मी आभारी आहे.

काल दिवसभर शिरवण्यात हिंडलो. गावठाणातल्या इमारती एकमेकींना खेटून, गल्ल्यांना नाव नाही. किराणावाल्याला विचारलं, गिरणीत विचारलं. तांबे बरेच निघाले, सिताराम कोणी नाही. आज सकाळी बुद्धविहारात पेपर वाचत बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, जुन्या रेकॉर्डी वाजवणारे कोणी आहेत का. ते लगेच म्हणाले, ते काय, सकाळी सहाला ज्यांच्या घरातून भीमगीतं सुरू होतात ते. पहिला मजला, निळं दार.

सितारामकाका सत्तरीच्या पुढचे आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. काचबिंदूनं एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं सावलीसारखं दिसतं. टीव्ही बघता येत नाही, पेपर वाचता येत नाही. म्हणून सकाळी सहापासून अँप चालू. रेकॉर्डी, नाहीतर ट्यूनर लावून रेडिओ. बायको बयाबाई, दोघंच राहतात.

अँप कुठे ठेवलाय माहीत आहे? भिंतीतल्या लाकडी कपाटात. धूळ लागू नये म्हणून दार लोटलेलं आणि वर घडी केलेल्या गोधड्या. मी झाकणावर हात ठेवला, तो ठेववेना, इतकं तापलेलं.

मी म्हणालो, काका, दोन दिवस तपासायला नेतो, परत आणून देतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गेल्या महिन्यात एक आला, तो पण हेच बोलला. त्याच्या आधी एक. शेवटी दोघंही किमतीवर आले. मला विकायचा नाही." मी म्हटलं, मग इथेच उघडून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे. "चालतोय ना? मग उघडायचा कशाला?"

खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. तोंडात वाक्य होतं. बयाबाईंनी चहा आणला तो मी प्यायलो. त्यांनी विचारलं, इतके लांबून फक्त तपासायला आलात? मी हो म्हणालो. म्हणालो, मावशी, कपाटाचं दार तेवढं उघडं ठेवा आणि वरच्या गोधड्या काढा. त्या म्हणाल्या, बघते.

आणि मी निघून आलो, भावजी. तो चालू असताना. जिना उतरलो, गाडीवर बसलो, घरी आलो. घरी येऊन तुम्हाला पत्र लिहितोय, कारण तुम्हाला लिहिणं त्यांना सांगण्यापेक्षा सोपं आहे.

माझी जीभ का रेटली नाही, ते मला माहीत आहे. त्यांना तारेचं सांगितलं की ती कोणी घातली हे सांगावं लागणार, आणि मग मॅडमचं सगळं बाहेर येणार. तेव्हा ते आधी तुम्हाला सांगतो.

मागच्या पत्रात लिहिलं की मी गप्प बसलो. मी गप्प बसलो नव्हतो. मॅडमच्या मिस्टरांनी जळलेला अँप जमिनीवर ठेवला, आतली तार दाखवली आणि विचारलं, हे कुणाचं काम? झाकणाच्या आत तुमची सही होती. मी म्हणालो, "भावजींचं काम आहे ते." तुम्ही तेव्हा खाली स्कूटर लावत होतात. वर आलात तोवर सगळं ठरून गेलं होतं. मी स्वतःला समजावलं की ट्रान्सफॉर्मर भरायचं काम तुमचंच होतं, म्हणजे मी खोटं बोललो नाही. मॅडमनी हाताला बँडेज बांधलेलं असताना तुम्हाला जे जे सुनावलं ते तुम्ही उभे राहून ऐकलंत. फक्त एकदा माझ्याकडे बघितलंत. मी स्पीकरच्या वायरी गुंडाळत होतो.

उद्या सकाळी परत शिरवण्याला जातो. ह्या वेळी सांगतो.

निकेश


घणसोली गाव
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भावजी,

काल झालेलं जसंच्या तसं लिहितो.

नऊ वाजता पोचलो. जिना चढतानाच रेडिओ ऐकू येत होता. निळं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग कडीला लागलेलं कुलूप दिसलं. आत अँप चालू आणि बाहेर कुलूप. समोरच्या दारात एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या, सोनम त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, दोघं नेरूळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेत, बाराच्या आत यायचे नाहीत. घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून रेडिओ चालू ठेवून जातात.

मी दाराच्या फटीला नाक लावलं. तापलेल्या वार्निशचा वास आला. मोटर जळायच्या आधी येतो तो, तुम्ही मला ओळखायला शिकवला होतात तसाच. खरंच आला की भीतीनं वाटलं, ते आता सांगता येणार नाही. त्यांचा नंबर विचारला, सोनमबाईंकडे होता, पण तो फोन घरातच वाजला.

खाली जिन्याच्या बोळात सगळ्यांचे मीटर आहेत. प्रत्येकावर खडूनं नाव. तांब्यांचा शोधला आणि खालचा मेन स्विच ओढला. वर रेडिओ बंद पडला.

सोनमबाई माझ्या मागोमाग उतरल्या होत्या. "ए, कोण रे तू? मेन का बंद केलास?" त्यांचा आवाज ऐकून दोन-तीन दारं उघडली. तळमजल्यावरच्या एका माणसानं माझा दंड धरला आणि दुसऱ्यानं पिशवी घेतली. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर. बंद घर, लाईट घालवलेली आणि हातात हत्यारं. कोणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. मी म्हणणार होतो की वायरिंग बघायला आलोय, काकांनीच बोलावलंय. तयार वाक्य होतं. अगदी ओठावर आलं होतं.

मी म्हणालो, "मी घणसोलीचा निकेश. काकांकडचा अँप मी विकलाय. त्याच्यात फ्यूजच्या जागी मी तार घातली होती. अशाच दुसऱ्या अँपनं एका बाईंचा हात भाजला. हा पण पेटेल म्हणून लाईट घालवली. मेन चालू करू नका, बाकी मला काय करायचं ते करा."

दंड सोडला, पण जाऊ दिलं नाही. पिशवी आणि मोबाईल घेऊन मला पायरीवर बसवलं. कोणी शिवी दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोनमबाई माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगत होत्या, मी केलं ते पुन्हा पुन्हा माझ्यासमोर सांगितलं जात होतं. पावणेबाराला दोघं आले. काकांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, बयाबाईंनी त्यांचा हात धरलेला. मी उठून त्यांना तेच सगळं सांगितलं. ते माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून ऐकत होते.

"काल तू घरी येऊन चहा प्यायलास," ते म्हणाले.

"हो काका."

"तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आम्ही दोघं रात्री तिथेच झोपलो. कपाटाच्या खाली."

बयाबाईंनी कुलूप काढलं. अँप मी बाहेर उजेडात आणला आणि सगळ्यांच्या समोर झाकण उघडलं. तार होती. काळी पडलेली. ट्रान्सफॉर्मरवरचा कागद एका बाजूनं करपून सोललेला, आणि कपाटाच्या मागच्या फळीवर तळहाताएवढा तपकिरी डाग. बयाबाईंनी सगळ्यात खालची गोधडी उलटून बघितली. तिचा कोपरा कडक झाला होता. त्या ती तशीच मांडीवर घेऊन दारात बसल्या.

काकांनी हात पुढे केला. मी तार काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि म्हणाले, "एवढीशी?"

मग सोनमबाईंनी झाकणाच्या आतलं वाचून दाखवलं, दीपेश, सप्टेंबर २०२३. काकांनी विचारलं हा कोण. मी म्हणालो, माझे भावजी, तुम्हाला अँप आणून दिला होता ते. त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं होतं, जळूनसुद्धा इतके दिवस टिकला तो त्यांच्या कामामुळे. दोष माझा, आणि त्यांच्या डोक्यावर दोन वर्षं मीच ठेवलाय.

मी म्हटलं, काका, मी पैसे परत देतो, नाहीतर दुसरा अँप आणून देतो, आजच. ते म्हणाले, "दुसरा नको. हाच नीट करून पाहिजे. पण तू हात लावायचा नाहीस. ज्याची सही आहे त्याच्याकडून करून आण."

अँप आता माझ्याकडे आहे. झाकण लावलंय. आत हात घातलेला नाही.

निकेश


घणसोली गाव
मंगळवार, १८ नोव्हेंबर

भावजी,

रविवारी मी राजलक्ष्मी मॅडमकडे गेलो. हे तुमच्या कानावर आलंच असेल, कारण ग्रुपमधलं कोणी ना कोणी तुम्हाला कळवलं असणार. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

त्यांनी दार उघडलं. डाव्या हातानं उघडलं. मी उंबऱ्याच्या बाहेरच सगळं सांगितलं, तार, तुमची सही, मी काय म्हणालो होतो ते शब्द. त्यांचे मिस्टर आतून आले आणि मध्येच बोलायला लागले, तर मॅडमनी त्यांना थांबवलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी मला आत बसायला सांगितलं आणि समोर बसल्या.

"दीपेशना मी काय काय बोलले, माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो. मी तिथेच होतो."

"मी त्यांना म्हटलं होतं की तुम्हाला मुलंबाळं नाहीत म्हणून दुसऱ्याच्या घराची किंमत नाही. हे पण ऐकलं होतंत?"

मी मान हलवली. ताईची तेव्हा नुकतीच दुसऱ्यांदा दिवस राहून निराशा झाली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. मी तेही त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं का, कळत नाही. त्या उठून गॅलरीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आत आल्या.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. बँकेत सही करताना पेन तीन बोटांत धरतात.

परत येऊन त्यांनी टेबलावरचा माझा मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ज्या ग्रुपवर मी दीपेशचं नाव टाकलं होतं त्याच ग्रुपवर लिहा, इथे बसून. मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं त्यांनी वाचून परत दिलं, म्हणाल्या ह्याच्यात "आमच्याकडून" लिहिलंय, "माझ्याकडून" लिहा. मग दुरुस्त करून पाठवलं. त्याच्या खाली त्यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या, त्या तुमच्याबद्दल आहेत, त्या मी इथे उतरवत नाही. त्या त्यांना तुमच्यासमोर बोलायच्या आहेत.

लोक ग्रुपवर काय काय लिहितायत. पार्थनं ठेवायला दिलेला टेप डेक परत नेला. आकाशनं एवढंच लिहिलं की दीपेशभाऊ दिवाळीत कशाला आले होते ते आत्ता कळलं. मी विक्री बंद ठेवली आहे. शटरवर कागद लावलाय, की ह्या दुकानातून घेतलेला कुठलाही अँप, कुठल्याही वर्षातला, तपासायला आणा, आणि आपल्यासमोर उघडून घ्या. कालपासून अकरा आले. सगळ्यांत फ्यूज ठीक होते. प्रत्येकाचा फ्यूज काढून मी मालकाला दाखवतो आणि परत बसवतो.

ताईला सांगा, आईला मी सगळं सांगितलं, अगदी मॅडमच्या घरी म्हणालो ते वाक्यसुद्धा. ती जेवली नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, मासळी आणून दे, दिशाकडे जाताना तळून द्यायची आहे. मी अजून जाणार म्हणून काही बोललोच नव्हतो.

तर आता ते. मॅडमना तुम्हाला भेटायचं आहे. फोन नंबर देतो म्हटलं तर नको म्हणाल्या, तोंडावर बोलले होते, तोंडावरच जाऊन सांगितलं पाहिजे. सितारामकाकांनाही यायचंय. अँप तुमच्या हातात दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि घरात आवाज नसल्यानं ते दिवसभर नुसते बसून असतात, असं बयाबाई म्हणाल्या. दोघांना घेऊन येत्या रविवारी, २३ तारखेला, मी पोयनाडला येतो. दहापर्यंत पोचू. तुम्हाला नको असेल तर ताईला फक्त "नको" एवढं कळवायला सांगा. मग मी त्यांना तसं सांगेन, कारण न लपवता.

मी घरात येणार नाही. गाडी रस्त्यावरच लावून आत बसून राहीन, कितीही वेळ लागला तरी. फक्त एक आहे. अँप सोळा किलोचा आहे. मॅडमच्या हातानं तो उचलणार नाही आणि काकांना तुमच्या पायऱ्या दिसणार नाहीत. तेवढा ओटीवर आणून ठेवायला मला येऊ द्या. ठेवला की मी परत गाडीत जाऊन बसेन.

निकेश